टर्मिनल बडबडतं, आपण वाचत नाही

रात्रीचे साडेअकरा. उद्या प्रोजेक्टचा डेमो. भुकूमच्या रूमवर मोबाइलच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडून तुम्ही पिपने एक लायब्ररी इन्स्टॉल करताय. स्क्रीनवर ओळींचा नुसता धबधबा. त्यातल्या निम्म्या 'हे आधीच आहे' एवढंच सांगणाऱ्या. शेवटी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' दिसतं, तुम्ही लॅपटॉप मिटता. सकाळी डेमो चालतच नाही.

झालं काय, तर त्या शेवटच्या ओळीच्या जरासं वर एक लाल ओळ होती. नव्या लायब्ररीपायी नमपायची आवृत्ती बदलली आणि ती दुसऱ्या एका लायब्ररीला चालत नाही, असं पिपने स्पष्ट सांगितलं होतं. पण एरर आणि यशाची बातमी एकाखाली एक छापली, तर आपण कोणती वाचणार?

'वाचायला काय झालं होतं?' असं सर विचारतील. बरोबरच आहे. पण मला निम्मा दोष टूलचाही वाटतो. एनपीएमने काहीही इन्स्टॉल करा, 'इनफ्लाइट' नावाचं पॅकेज मेमरी गळतं, वापरू नका, अशी ताकीद हमखास येते. अहो, पण ते मी मागवलंच नव्हतं! मी मागवलेल्या पॅकेजला लागणाऱ्या पॅकेजला ते लागतं. मी त्याचं करू काय? शिवाय इतकी पॅकेजेस निधी शोधताहेत, हेही कळवलं जातं. २०१९च्या ऑगस्टमध्ये तर 'स्टँडर्ड' या पॅकेजने इन्स्टॉल होताना टर्मिनलवर चक्क जाहिरात दाखवली होती. आरडाओरडा झाल्यावर ती बंद झाली. फुकट राबणाऱ्यांना पैसे मिळायलाच हवेत, पण मागायची ती जागा नाही.

मग सगळं गप्पच करायचं का? युनिक्सची जुनी रीत तीच: काम नीट झालं तर बोलू नये. पण हॉटस्पॉटवर दोनशे एमबी उतरत असताना पाच मिनिटं कर्सर नुसता लुकलुकत राहिला, तर तुम्ही वैतागून कंट्रोल-सी दाबणारच. तिथे प्रोग्रेस बार हवाच. (त्याचंही गंमतशीरच. २०१६च्या सुमारास एनपीएमचा हा बारच इन्स्टॉल रेंगाळवत होता. तो बंद केला की काम झटपट व्हायचं!)

पौड रस्त्याच्या बसमधला चांगला कंडक्टर आठवा. प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत नाही, पण भूगाव गेलं की 'भुकूमवाले पुढे या' म्हणतो. टूलनेही तेवढंच करावं. ज्यावर मी आत्ता काही करू शकतो ते सगळ्यात शेवटी, ठळक सांगावं. बाकीचं फाइलमध्ये लिहून ठेवावं. एनपीएम तशी लॉग फाइल ठेवतंही, फक्त ती उघडून बघायची सवय आपल्याला नाही.

आणि कंटाळून सगळीकडे 'क्वायट' लावू नका, निदान शिकताना तरी. त्याऐवजी इन्स्टॉल झाल्यावर एकदा 'पिप चेक' चालवा. सगळं जुळत असेल तर ते एका ओळीत तसं सांगतं. नसेल तर कोणाचं कोणाशी बिनसलंय तेवढंच सांगतं आणि थांबतं.