हिंडणं किती आणि काम किती?

झांझिबारवरचे आमचे दोन लेख छापून आल्यावर रायगडहून एका भगिनीचं पत्र आलं. स्टोन टाउनचे पितळी खिळ्यांचे दरवाजे, फोरोधानीच्या बागेतलं संध्याकाळचं खाणं, कासवांचं बेट, सगळं त्यांनी आवडीने वाचलं होतं. शेवटी मात्र त्यांनी विचारलं, "तुम्ही सेवेला गेला होतात ना? मग हिंडणं किती आणि काम किती? तिकिटाचे पैसे तिकडे पाठवले असते तर जास्त भलं झालं नसतं का?"

प्रश्न रोखठोक आहे. निघण्याआधी तो आम्हालाही पडला होता. म्हणून आता पेम्बाविषयी लिहितो. आमचे दोन महिने तिथेच गेले. स्टोन टाउनची चैन जाता-येतानाची होती.

स्टोन टाउन ज्या उंगुजा बेटावर आहे, त्याच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर पेम्बा. अरब खलाशी त्याला हिरवं बेट म्हणत, आणि आम्हा कोकणातल्या माणसांना ते पाहून घरी आल्यासारखंच वाटलं. तोच लाल मातीचा चढ-उतार, फणस, आंबे, नारळी, आणि प्रत्येक वळणाखाली भाताचं खाचर. फरक लवंगांचा. तोडणीचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला चटयांवर कळ्या वाळत घातलेल्या, आणि वास असा की पहिल्या दिवशी भूक लागावी, आठव्या दिवशी डोकं दुखावं. 1872 च्या वादळात उंगुजावरची लवंगांची झाडं आडवी झाली, पेम्बा बरंचसं वाचलं, आणि तेव्हापासून झांझिबारची बहुतेक लवंग याच बेटावर पिकते. ही झाडं वाढवली ती गुलामांच्या राबण्यावर, हेही तिथली म्हातारी माणसं न लपवता सांगतात. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या चार लवंगांना एवढा इतिहास आहे.

भाषेने फार अडवलं नाही. साबण तिथे साबुनी, दुकान म्हणजे दुका, पैसे म्हणजे पेसा, चहा चाय आणि चपाती चपातीच. औषधाला शब्द दवा. हा शब्द आम्हाला रोज शंभरदा लागायचा.

आता कामाचं. तिथे एक आजार आहे, त्याला किचोचो म्हणतात. लघवीतून रक्त जातं. गोड्या पाण्याच्या डबक्यात नि ओढ्यात एक बारीक गोगलगाय असते. आजारी माणसाने पाण्यात लघवी केली की कृमीची अंडी पाण्यात फुटतात, त्यातले जीव गोगलगायीत शिरतात, काही आठवड्यांनी हजारोंनी बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतात. पाणी प्यावंही लागत नाही. पोहणारी पोरं, कपडे धुणाऱ्या बाया, भाताच्या चिखलात उभे असलेले शेतकरी, सगळेच त्यात सापडतात. कृमी शरीरात तीन-चार वर्षं सहज राहते आणि मूत्राशय पोखरत जाते.

हे परदेशातलं काहीतरी आहे असं समजू नका. भारतात या आजाराचं जे एकमेव ठिकाण नोंदलं गेलं ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी 1952 साली ते प्रसिद्ध केलं. आमच्यापैकी एकीने तीस वर्षं परिचारिका म्हणून त्याच जिल्ह्यात नोकरी केली. गिमवीचं नाव तिने प्रशिक्षणात ऐकलं होतं, रोगी मात्र पहिल्यांदा पेम्बात पाहिला.

औषध साधं आहे, प्राझिक्वांटेल. आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांसाठी जर्मनीची मर्क कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ते फुकट देते, तेव्हा गोळ्यांना आमच्या तिकिटाच्या पैशांची गरज नव्हती. गरज होती हातांची. शाळेत वजनकाटा न्यावा लागत नाही. रंगीत पट्टे मारलेली एक उंच पट्टी भिंतीला लावतात, मुलाला पाठ टेकून उभं करतात, डोकं ज्या पट्ट्यात येईल तेवढ्या गोळ्या. एकशे दहा सेंटीमीटरच्या आत एक, त्यापुढे दीड, दोन, अडीच अशा वाढत जातात. आमच्यातले मास्तर, निवृत्त विज्ञान शिक्षक, पट्टीशी उभे राहत. पोरं टाचा उंचावायची, कारण जास्त गोळ्या म्हणजे मोठेपणा! मास्तरांनी पाय तपासायला एक वर्गमंत्रीच नेमला.

गोळी मोठी आणि कडू. रिकाम्या पोटी दिली तर उलटी ठरलेली, म्हणून आधी पेज. पहिल्या शाळेत निम्मी मुलं आलीच नाहीत. काही लवंग तोडायला गेली होती. काहींच्या घरी बोलवा होती की या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही. समजावण्याचं काम आम्ही केलं नाही, आमचं कुणी ऐकलंही नसतं. तिथल्या मदरशाच्या उस्तादांनी सगळ्यांसमोर स्वतः चार गोळ्या गिळल्या, वर चहा प्यायले, आणि मुलांना साचलेल्या पाण्यात लघवी करण्याची मनाई असलेली हदीस समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी रांग शाळेच्या आवाराबाहेर गेली.

तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की आम्ही नसतो तरी गोळ्या वाटल्या गेल्या असत्या. तिथले आरोग्यसेवक आणि शिक्षक हे काम वर्षानुवर्षं करत आहेत, आमच्याहून वेगाने. आणि गोळी पोटातली मोठी कृमी मारते, पुढच्या आठवड्यात डबक्यात उतरल्यावर शिरणारी नवी अडवत नाही. आम्ही बायकांना सांगत होतो, पाणी दोन दिवस भरून ठेवलं तर त्यातले हे जीव मरतात. एक आई हसली. म्हणाली, "दोन दिवसांचं पाणी मावेल एवढी भांडी आधी द्या." काही गावांत डबक्यापासून दूर कपडे धुण्याचे ओटे बांधले आहेत, पण ओट्याला पाणी लागतं आणि नळाला रोज येत नाही. पैसे पाठवायचेच असतील तर नळासाठी पाठवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उरलेलं अर्धं उत्तर लिहायला जरा संकोच वाटतो, पण हे मासिक घरातल्या बायका वाचतात म्हणून लिहितोच. हाच किचोचो बायकांना आतल्या अंगालाही होतो. रक्त जातं, दुखतं, दिवस राहत नाहीत. लक्षणं वाईट चालीच्या रोगासारखी दिसतात, आणि तपासणाराही पुष्कळदा तोच समज करून घेतो. मग नवरा संशय घेतो, सासू बोलते. बाई कुठे बोलणार? गावातली नर्स कुणाची तरी नणंद असते, कुणाची जाऊ. तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

इथे मात्र परकी, पिकल्या केसांची, दोन महिन्यांनी निघून जाणारी बाई कामाला आली. दुभाषी मुलगीही मुद्दाम चाके चाके शहरातली घेतली, तिचं त्या गावांशी नातं नव्हतं. दुपारी नमाजनंतर बायका एकेकट्या यायच्या, दाराशी "होदी" म्हणून हाक द्यायच्या, आतून "करीबू" म्हटलं की चटईच्या टोकावर बसायच्या. आधी भाताची, पोरांची, भारतातल्या सिनेमांची चौकशी. खरं बोलणं उठता उठता. आमच्या परिचारिकेने तिथे उपचार केले नाहीत, तो तिचा अधिकारही नव्हता. ती ऐकायची, समजवायची आणि चिठ्ठी देऊन तपासणीला पाठवायची. मास्तर त्या वेळात बाहेर मुलांना भूमिती शिकवत बसायचे, म्हणजे दाराशी कुणी रेंगाळू नये.

आणि हिंडणं? शुक्रवारी जुम्यानंतर आणि रविवारी हिंडलो, चांगलं मनसोक्त हिंडलो, त्याची लाज वाटत नाही. उत्तर टोकाचं न्गेझीचं जंगल पाहिलं, त्यापलीकडचा वुमाविंबीचा पांढरा किनारा पाहिला, जिथे तासभर आमच्याशिवाय फक्त दोन बैल होते. किडीकेला पेम्बाची वटवाघळं पाहिली. पंख पसरले की दीड मीटरहून जास्त, अंगावर तांबूस लोकर, आणि दिवसभर झाडाला लटकून भांडतात. शिकारीने ती 1990 च्या सुमारास संपत आली होती. गावकऱ्यांनी शिकार बंद केली, आता हजारोंनी आहेत. रास म्कुंबूच्या मशिदीचे अवशेष आणि त्याशेजारची खांबांची थडगी यांच्यावर पुढच्या महिन्यात सवडीने लिहू. न्गेझीहून येताना एक तळं लागलं, कमळांनी भरलेलं. आम्ही काठावर उभे राहून बघितलं आणि पाय कोरडे ठेवून परत फिरलो.

शेवटच्या आठवड्यात एक घटना घडली. आधी दोनदा येऊन काहीच न बोलता गेलेली एक तरुण बाई तिसऱ्यांदा आली ती तपासणीचा कागद घेऊन. किचोचोच निघाला होता. कागद आमच्यापुढे धरून ती म्हणाली, हे मी सांगून त्यांना पटत नाही, तुम्ही सांगा. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली. लवंग तोडणारा माणूस, बोटं काळी पडलेली. तो चटईवर बसला, दुभाषी मुलीने गोगलगायीपासून सगळं सांगितलं, आणि तो संपूर्ण वेळ जमिनीकडे बघत राहिला. बायकोकडे एकदाही पाहिलं नाही. मग त्याने एवढंच विचारलं, डबक्यात तर मीही रोज उतरतो, मलाही गोळ्या घ्याव्या लागतील का?

मास्तरांनी त्याला पट्टीशी उभं केलं. चार गोळ्या आल्या. बायकोने आत जाऊन पाणी आणलं.