सिग्नल दिला, पण घेणारा कोण?

मिनी-प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डावर लागली की त्यात एक नाव दरवर्षी ठरलेलं. 'अल्ट्रासॉनिक मॉस्किटो रिपेलर'! ५५५ टायमर, दोन-तीन रेझिस्टर, कपॅसिटर, एक पायझो बझर, आणि झालं. व्हायवाला फ्रिक्वेन्सी किती, ड्युटी सायकल किती, फॉर्म्युला लिहून दाखव, सगळं विचारतात. स्क्रीनवर वेव्हफॉर्मही छान दिसतो. फक्त एक प्रश्न कुणी विचारत नाही. डास पळतात का?

नाही पळत. हे मी मनाचं सांगत नाहीये. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००७ साली अशा यंत्रांवरचे १० फील्डमधले प्रयोग एकत्र करून तपासले. निष्कर्ष काय, तर यंत्र चालू असो की बंद, माणसावर येऊन बसणाऱ्या डासांची संख्या कमी होत नाही. म्हणजे ट्रान्समीटर एकदम ओके, आउटपुट ओके, सबमिशन ओके, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप त्या डासाला त्याचं काही सोयरसुतकच नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे की सिग्नलची किंमत पाठवणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. आपण ई अँड टीसीवाले चार वर्षं मॉड्युलेशन, गेन, बँडविड्थ करत बसतो, पण समोरच्याला काय ऐकू येतं आणि त्यातलं काय आवडतं, हा प्रश्न आपल्या सिलॅबसच्या बाहेरचा. बायोलॉजीवाले मात्र तिथूनच सुरुवात करतात. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा अडखळतं, संपादकांनी आणि तुम्ही सांभाळून घ्या.)

डास काही बहिरा नाही बरं का. त्याचे कान त्याच्या मिशांच्या मुळाशी असतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासावर प्रयोग केला. मादीच्या पंखांचा सूर साधारण ४०० हर्ट्झ, नराचा ६००. दोघं जवळ आले की आपापला सूर थोडा थोडा सरकवतात आणि १२०० हर्ट्झला जुळवून घेतात. मादीचा तिसरा हार्मोनिक, नराचा दुसरा! फूरिए सिरीज कशाला शिकायची असं ज्यांना परीक्षेच्या आदल्या रात्री वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. आणि अशा प्राण्याला आपण ऐकवतो काय, तर २० किलोहर्ट्झच्या वरचं काहीतरी.

बरं, चावायला कुणाकडे जायचं हे तर ती मादी मुख्यतः वासावर ठरवते. हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एक जण असा असतोच, की बाकीचे घोरत असतात आणि हा रात्रभर टाळ्या वाजवत बसलेला असतो. 'तुझं रक्त गोड आहे' असं आपल्याकडे म्हणतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांना हातावर नायलॉनचे मोजे घालायला दिले, त्यात अंगाचा वास मुरू दिला आणि ते कापड डासांपुढे ठेवलं. ज्यांच्या कापडाकडे डास जास्त गेले त्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक ॲसिड्सचं प्रमाण जास्त निघालं. काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासलं, तरी डासांचे आवडते लोक तेच! २०२२ मध्ये 'सेल' या जर्नलमध्ये हे छापून आलं. या सगळ्या प्रयोगात कुणाचं रक्त गोड की कडू याचा संबंधच आला नाही. आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासाला माणसाच्या पायाचा वास आवडतो आणि लिंबर्गर नावाच्या कुबट चीजचाही आवडतो, हे दाखवून देणाऱ्या हॉलंडच्या संशोधकांना २००६ मध्ये 'इग नोबेल' मिळालं. बॉइज हॉस्टेलच्या मोज्यांवर वेगळा प्रयोग करायची गरज आहे असं मला वाटत नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र हे नाही. डेंग्यूच्या विषाणूला मारणारं नेमकं औषध अजून डॉक्टरांकडे नाही, त्यामुळे डास अंगावर येण्याच्या आधीच्या या टप्प्याला वैद्यकशास्त्रात फार किंमत आहे.

डासांचं राहू द्या. हीच गोष्ट आपल्या धाराशिव जिल्ह्यात, कॉलेजच्या कंपाउंडच्या पलीकडे, कुणीतरी काठीला बांधून ठेवलेली असते आणि आपण एसटीच्या खिडकीतून ती बघत जातो. शेतात एक काठी, तिला उलटं टांगल्यासारखं प्लॅस्टिकचं नरसाळं, वर झाकण, खाली लांब पिशवी. त्याला 'कामगंध सापळा' म्हणतात. झाकणाच्या आत एक छोटी रबरी गोळी असते, तिला ल्युर म्हणतात. त्या गोळीतून पतंगाच्या मादीचा वास येतो. नर त्या वासावर येतो आणि पिशवीत पडतो. बॅटरी नाही, वायर नाही, आवाज नाही.

या वासाचा शोध रेशमाच्या किड्यापासून लागला. मराठवाड्यात आता तुती लावून कोष काढणारे शेतकरी बरेच आहेत, जालन्याला कोषांची बाजारपेठसुद्धा आहे, तेव्हा हा किडा आपल्याला परका नाही. ॲडॉल्फ बुटेनान्ट या जर्मन शास्त्रज्ञाने सुमारे ५ लाख मादी पतंगांच्या ग्रंथींमधून काही मिलिग्रॅम द्रव्य वेगळं केलं. वीस वर्षं लागली. १९५९ साली त्याची रचना जाहीर झाली आणि त्याचं नाव पडलं बॉम्बिकॉल. अशा द्रव्यांसाठी 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षी आला. पुढे असं दिसलं की नराच्या मिशीवरच्या एका संवेदी पेशीला जागं करायला बॉम्बिकॉलचा एक रेणू पुरतो. एक रेणू! आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले क्षीण रेडिओ सिग्नल पकडतात, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण अँटेना हा शब्द मुळात किड्यांच्या मिशांचा, आपण रेडिओवाल्यांनी तो नंतर उचलला.

मला सगळ्यात भारी वाटली ती घाटेअळीची गोष्ट. हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या शेंगा पोखरणारी ही अळी, शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिच्या मादीच्या वासात मुख्य द्रव्यं दोन, झेड-११-हेक्झाडेसेनाल आणि झेड-९-हेक्झाडेसेनाल. प्रमाण साधारण ९७ ला ३. तिची एक जवळची बहीण आहे, हेलिकोव्हर्पा असल्टा. तिच्याही वासात हीच दोन द्रव्यं, फक्त प्रमाण जवळजवळ उलटं. एवढ्यावर दोन्हीकडचे नर आपापल्या मादीकडे बरोबर जातात. आपण चॅनल सेपरेशनसाठी केवढे फिल्टर लावतो! म्हणूनच घाटेअळीची गोळी लावलेल्या सापळ्यात सोयाबीनवरच्या स्पोडोप्टेराचे नर येत नाहीत, त्यांची गोळी वेगळी. हत्तीणीच्या मूत्रात सापडलेलं एक द्रव्य शंभराहून जास्त जातींच्या पतंगांच्या वासातही असतं, हे १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये आलं होतं. म्हणून काही पतंग हत्तीणीमागे लागत नाहीत. कारण प्रमाण, सोबतची द्रव्यं, वेळ हे सगळं जुळल्याशिवाय घेणारा हलतच नाही.

कीटकनाशकाचा आणि या वासाचा फरक इथेच आहे. फवारणीत वाचलेल्या अळ्यांची पुढची पिढी फवारणीला दाद देत नाही, हे घाटेअळीने आपल्याला चांगलं शिकवलंय. पण मादीच्या हाकेला ओ न देणारा नर पुढची पिढी आणणार कुठून? अर्थात इथेही अर्धवट काम चालत नाही. जपानमध्ये चहाच्या मळ्यांत एका किडीला गोंधळात टाकण्यासाठी तिच्या वासातलं एकच द्रव्य हवेत सोडत होते, म्हणजे आपल्या भाषेत जॅमिंगच. काही वर्षांत ती किडी त्याला बधेनाशी झाली. पूर्ण मिश्रण सोडल्यावर पुन्हा काम भागलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. दिवाळीच्या सुट्टीत मी कळंब तालुक्यात मामांकडे गेले होते. त्यांच्या शेतातही सापळे होते. पिशवीत पाणी आणि पालापाचोळा साचलेला, गोळी मागच्या हंगामातली. ही गोळी साधारण तीन-चार आठवड्यांत बदलावी लागते. मी म्हटलं, "मामा, रोज किती पतंग पडतात ते कोण मोजतं?" मामा म्हणाले, "त्यात काय मोजायचं गं? अळी दिसली की मारायचं औषध." शब्द बघा, विषाला आपण 'औषध' म्हणतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हाही शब्द तोच होता.

मोजायचं कशासाठी, तर सापळा किड संपवण्यासाठी कमी आणि खबर देण्यासाठी जास्त असतो. टेहळणीसाठी हेक्टरी ५ सापळे लावायचे, पिकाच्या वर फूटभर. घाटेअळीच्या सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८ ते १० पतंग पडले, की समजायचं अंडी पडणार, आता शेतात फिरून बघायचं. त्याच्या खाली आकडा असेल तर फवारणीची घाई नाही, खर्च वाचला. राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप नावाचा किड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला, तोसुद्धा २००८ मध्ये सोयाबीन अळ्यांनी फस्त केल्यावर. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या तुळजापूरलाच आहे. म्हणजे शास्त्र आहे, सापळा आहे, सल्लाही आहे. मादी पतंगाची हाक नरापर्यंत अचूक पोचते, पण नर पिशवीत पडला ही बातमी मामांपर्यंत पोचत नाही!

कारण शेवटचा रिसीव्हर शेतकरी आहे, आणि त्याची आवडनिवड कुणी अभ्यासलेली नाही. मोबाईलवर मेसेज येतो, 'आर्थिक नुकसान पातळी ओलांडल्यास अमुक टक्के ईसी तमुक मिली प्रति १० लिटर'. मी इंग्लिश मीडियमची म्हणून मला कळलं नाही असं समजू नका, मामांनाही कळला नाही. मग ते मोटारसायकलला किक मारून खताच्या दुकानात जातात. दुकानदार ओळखीचा, उधारी देतो, बोलतो त्यांच्या भाषेत. तो देईल ती बाटली घ्यायची. यात मामा अडाणी आहेत असं म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. ओळख, विश्वास, उधारी, त्यांचा रिसीव्हर या फ्रिक्वेन्सीला ट्यून आहे. मेसेज दुसऱ्याच बँडवर येतो, त्याला ते काय करणार?

आपले सीनियर्स लगेच म्हणतील, सापळ्यात कॅमेरा बसवू, आयओटी करू, ॲप काढू. करा ना! जगात तसे सापळे निघालेही आहेत. पण पिशवीत दुसरेच किडे पडतात, पावसात लेन्सवर थेंब येतात, शिवारात रेंज नसते, आणि एवढं करून आकडा पुन्हा कुठल्यातरी डॅशबोर्डवर जाऊन बसणार. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'युजर' हा शब्द चाळीस वेळा येतो, पण युजरला भेटल्याचं पान त्यात नसतं. एक्स्टर्नल एक्झामिनरही ते मागत नाहीत. मला वाटतं हे पान मिनी-प्रोजेक्टला कम्पल्सरी करावं. डास असो नाहीतर शेतकरी, ज्याच्यासाठी यंत्र केलं त्याने त्याला काय प्रतिसाद दिला, त्याचा तक्ता. तक्ता रिकामा असला तरी चालेल, पण जोडायचा. निदान रिपेलरवाल्या ग्रुपने एक रात्र यंत्र चालू आणि एक रात्र बंद ठेवून डास मोजून दाखवावेत. त्यासाठी सॅम्पल साइज आपल्या हॉस्टेलमध्ये भरपूर आहे.

माझी रूममेट आणि मी घाटेअळीचे दोन सापळे आणि चार गोळ्या आणून ठेवल्या आहेत. एक सापळा मामांच्या हरभऱ्यात लावणार. रोजचा आकडा ते फोनवर सांगायला तयार झालेत, फक्त त्यांची अट आहे की फोन मी करायचा, संध्याकाळी सातनंतर, आणि मेसेज अजिबात पाठवायचा नाही. दुसऱ्यासाठी कॉलेजपासून सायकलवर जाता येईल असं हरभऱ्याचं रान हवंय. डे-स्कॉलर मित्रांपैकी कुणाचं असेल तर फुलं लागायच्या आत सांगा. मेसचे काका म्हणालेत त्यांच्या भावाचं आहे, पण ते तेरच्या बाजूला, जरा लांब पडतं.