अंकी आणि अक्षरी

शाळेच्या प्रवेश-अर्जात जन्मतारीख दोनदा लिहून घेण्याची प्रथा आहे : एकदा अंकी, एकदा अक्षरी. हा दुहेरी खटाटोप कशासाठी, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. जुने अर्ज आता यंत्राकरवी संगणकात उतरविले जात असताना या प्रथेचे मोल नव्याने ध्यानात येते.

अर्ज स्कॅन केला म्हणजे संगणकापाशी येते ते केवळ कागदाचे चित्र. अक्षरे ओळखणारी आज्ञावली त्या चित्राचा मजकूर करते. या मजकुरातून हवी तेवढीच माहिती वेचण्याचे साधन म्हणजे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’. आपण त्यास ‘साचा’ म्हणू. याची गणिती बैठक अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५० च्या दशकात घातली. मजकुराच्या शोधासाठी तिचा उपयोग कसा करावा, हे केन थॉम्प्सन यांनी १९६८ साली एका लेखात दाखविले.

साचा म्हणजे आकाराचे वर्णन. ‘जन्मतारीख’ हा शब्द, पुढे एक वा दोन अंक, मग तिरपी रेघ, पुन्हा एक वा दोन अंक, पुन्हा रेघ आणि अखेरीस चार अंक. इतके सांगितले की अर्जांच्या ढिगातून तारखा भराभर निघू लागतात.

मात्र हे साधन रोमन लिपीच्या अंगणात वाढलेले आहे. ‘कोणताही अंक’ दर्शविणारी खूण पायथॉन या संगणकभाषेत देवनागरी अंकही ओळखते. जावास्क्रिप्टमध्ये ती इंग्रजी अंकांपुरतीच चालते. ‘शब्दातील अक्षर’ दर्शविणाऱ्या खुणेत तर पायथॉनच्या नेहमीच्या साधनातही उकार, वेलांटी वा हलन्त बसत नाहीत. मग ‘कुलकर्णी’चे ‘क’, ‘लकर’ आणि ‘ण’ असे तीन तुकडे होतात!

जाणकार मनुष्य या अडचणी दूर करू शकतो. खरा धोका निराळाच आहे. देवनागरी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो, देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा. इंग्रजी अंकांसाठी लावलेले यंत्र चार एप्रिलचा आठ ऑगस्ट करू शकते, आणि आठ ऑगस्टही साच्यात चपखल बसतो. एकतीस फेब्रुवारीसुद्धा बसतो! साचा आकार पारखतो, सत्य नव्हे. आणि चुकलेली जन्मतारीख मनुष्याला दाखल्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत छळते.

उपाय त्याच अर्जावर आहे. दुसऱ्या साच्याने अक्षरी ओळही वेचावी आणि दोन्ही ताडून पाहाव्यात. ‘चार’ या शब्दाचा ‘आठ’ सहसा होत नाही. जेथे मेळ बसणार नाही, तेथे मूळ कागद माणसानेच डोळ्यांखालून घालावा.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांतून एकाच पेटीत दोन-तीन लिप्यांचे कागद नांदतात. म्हणून वाचकहो, कोणताही अर्ज भरताना अक्षरी रकाना कोरा सोडू नका. सुवाच्य अक्षरांतील ती एक ओळ उद्या तुमच्या मुलाच्या बाजूने साक्ष देईल.