सोंगटीवर कुणाचे चित्र?

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारची रात्र. चार खेळाडू आपापल्या घरी संगणकापुढे बसले होते आणि सूत्रधाराचे काम आमच्याकडे होते. पडद्यावर नकाशा होता वेळवंडीच्या खोऱ्याचा, भाटघरचे धरण होण्यापूर्वीचा: नदी, काठावर करंजाची झाडी, आणि वळणावर एक खोल डोह. डोहाच्या मध्यभागी आम्ही एक गोल सोंगटी ठेवली. तिच्यावर हिरव्या कातडीची, केसांत शेवाळ अडकलेली, सुळे बाहेर आलेली एक बाई होती. खाली नाव लिहिले होते, ‘आसरा’. चित्र आम्ही कुठूनसे उतरवून घेऊन, रंग थोडे बदलून, गोलात बसवले होते; आणि खरे सांगायचे तर त्या कारागिरीचा आम्हास किंचित अभिमानही वाटत होता.

तिघांनी लगेच फासे हाती घेतले. चौथ्याचे घर वेल्ह्याकडच्या एका वाडीत. (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्यास मंजुरी दिली, आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्याकडं आईला हिरवी चोळी न् बांगड्या वाहत्यात. तुम्ही तिला हिट पॉइंट किती दिलेत?”

पंचेचाळीस दिले होते. पण तो आकडा सांगायला आमची जीभ उचलली नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. एकजण सूत्रधार होऊन जग सांगतो, बाकीचे त्या जगातील एकेक पात्र होतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे बोलतात. पूर्वी यासाठी टेबलाभोवती जमावे लागे. २०१२ मध्ये ‘रोल ट्वेंटी’ आले, २०२० मध्ये ‘फाउंड्री’ आले, आणि टेबल पडद्यावर गेले. २०२० च्या टाळेबंदीत आमच्यासारखे कित्येक जण या नादाला लागले. पडद्यावरील नकाशा चौकोनांत आखलेला असतो, बहुधा एक चौकोन म्हणजे पाच फूट. त्यावर पात्रांच्या आणि राक्षसांच्या सोंगट्या सरकतात, आणि सोंगटीवर कोणतेही चित्र चढवता येते. कोणतेही! बहुतेक सूत्रधार या सोयीकडे सजावट म्हणून पाहतात. आमचेही मत त्या रात्रीपर्यंत तेच होते.

ते मत चुकीचे होते असे आम्हास आता वाटते. सूत्रधार पाच मिनिटे वर्णन करतो. चित्र अर्ध्या क्षणात दिसते, आणि खेळाडूचा हात त्या अर्ध्या क्षणात कुठे जातो यावर पुढचा सगळा खेळ ठरतो. सुळे दिसले की तो तलवारीकडे जातो. मग सूत्रधाराने कितीही समजावले तरी तोपर्यंत डोहातली ती शत्रू झालेली असते.

यावर पहिले सुचते ते असे की पुस्तकातील तयार चित्रे वापरावीत, म्हणजे जबाबदारी आपली नाही. पण ती चित्रे तरी कुठून आली? १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये घुबड आणि अस्वल यांच्या संकरातून झालेला एक प्राणी आहे, लोखंड गंजवून खाणारा दुसरा एक आहे. आज जगभर त्यांना मान आहे. हे दोघेही हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचले. डायनोसॉर म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशवीत कसले कसले अगम्य प्राणी निघाले, आणि गायगॅक्सच्या टेबलावर त्यांना नावे मिळाली. हे कळले तेव्हा आम्हास मोठा धीर आला. ज्याला आपण परंपरा समजून बिचकत होतो ती दुकानातील पिशवीतून निघाली असेल, तर आपणही आपल्या पिशवीत हात घालायला काय हरकत आहे?

त्याच पुस्तकात ‘राक्षस’ही आहे, याच नावाने. वाघाचे डोके, अंगात साहेबी कोट, हातात पाईप. मंत्रून घेतलेल्या बाणाने तो तत्काळ मरतो. गायगॅक्सला तो रामायण-महाभारतापेक्षा १९७४ च्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतून अधिक मिळाला. बकासुर-हिडिंबांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला याचे हसूच यावे. आम्हीही हसलो. मात्र भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंधा घाटाचा नकाशा करायला घेतला तेव्हा हसू मावळले. त्या घाटात वाघजाईचे देऊळ आहे. येणारा-जाणारा तिथे गाडी थांबवतो, हात जोडतो, मग पुढची वळणे घेतो. वाघाच्या मुलखातून वाट काढणाऱ्या माणसाने वाघालाच आई म्हणून साकडे घातले आहे. आता या वळणावर आम्ही पुस्तकातले ते वाघतोंडे चित्र ठेवले असते तर? खेळाडूंनी देवळापुढे धनुष्ये ताणली असती, आणि नियमांप्रमाणे त्यांचे काहीच चुकले नसते.

तेव्हा चित्र स्वतःचे हवे हे ठरले. पण ‘स्वतःचे’ म्हणजे काय? महाजालावरून उचललेले चित्र दुसऱ्या कुणाचे तरी असते. आमची ती हिरवी बाई मूळची कोणत्या चित्रकाराची हे आम्ही पाहिलेही नव्हते, आणि ही आमची चूकच. २०२२ पासून शब्द टाकताच चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. आम्ही त्यांच्याकडे मुंजा मागून पाहिला. मुंज झालेली, सोडमुंजेआधी मेलेला मुलगा, पिंपळावर राहतो, एवढे सगळे सांगूनही आम्हास मिळाले ते एक कुठल्याही देशीचे, पांढऱ्या डोळ्यांचे पोर. दुसऱ्या बाजूने २०२४ च्या ‘मुंज्या’ चित्रपटानंतर मराठी खेळाडूंच्या मनात मुंज्याला एक ठाम चेहरा मिळाला आहे, संगणकाने घडवलेला. त्याआधी तो नव्हता. ज्याने त्याने आपापल्या गावच्या पिंपळाखालून रात्री जाताना आपापला मुंजा न पाहता अनुभवला होता. ‘तुंबाड’मधल्या (२०१८) हस्तरचे तसे नाही. तो चित्रपटानेच घडवलेला, त्यामुळे त्याचा चेहराही चित्रपटाचाच, आणि त्यात कुणाचे काही हिरावले गेले नाही. हा फरक आम्हास फार महत्त्वाचा वाटतो.

असो. आम्ही वही आणि पेन्सिल घेऊन रोहिड्यावर गेलो.

रोहिडा भोरपासून जवळ, पायथ्याला बाजारवाडी. गडाचे दुसरे नाव विचित्रगड, आणि आमच्या कामासाठी याहून चांगले नाव मिळाले नसते. वाटेवर एकामागे एक तीन दरवाजे लागतात. तिसऱ्यावर हत्तींची शिरे आहेत, मराठी आणि फारसी शिलालेख आहेत. पण आम्ही थांबलो ते दुसऱ्यापाशी, कारण तिथे सिंह आणि शरभ कोरलेले आहेत. शरभ हा आपला खरा घरचा अद्भुत प्राणी. महाभारतात तो आठ पायांचा, सिंहालाही मारणारा. पुराणांत नरसिंहाचा क्रोध आवरण्यासाठी शिव शरभाचे रूप घेतो. पण किल्ल्यांच्या दरवाजांवर दिसतो तो बहुधा चारच पायांचा, मांजराच्या चपळाईचा, कुठे पंखांचा तर कुठे बिनपंखांचा. जंजिऱ्याच्या दरवाजावर तर त्याच जातीच्या एका जनावराने पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत, जणू उंदीर. पोथीत आठ पाय लिहिले आहेत म्हणून पाथरवट थांबला नाही. दरवाजावर काय शोभेल, खालून येणाऱ्याला काय दिसेल, दगड किती आहे, हे पाहून त्याने आपला शरभ केला. मुद्दाम घडवलेल्या राक्षसचित्राची परंपरा म्हणायची तर ती ही. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी ज्याने तो कोरला त्याच्यापुढेही प्रश्न आमचाच होता: आत येणाऱ्याने काय पाहून थबकावे?

उन्हे तिरपी झाल्यावर कोरीवकामाच्या कडा उठून दिसतात, म्हणून दुपार उलटेपर्यंत बसून राहिलो. छायाचित्रे घेतली, घरी येऊन त्यांवरून शाईने रेखाटन केले. जिथे दगड झिजून आकार कळत नव्हता तिथे रेघ तुटकच ठेवली. पार्श्वभूमी पारदर्शक केली आणि दोन चौकोन लांब, दोन रुंद अशी मोठी सोंगटी तयार केली. चित्रकला आम्हास येत नाही. तरी ती सोंगटी पहिल्यांदा नकाशावर आली तेव्हा ध्वनिवाहिनीवर क्षणभर कुणीच बोलले नाही. त्या रात्री शरभाने आमच्या दोन खेळाडूंना लोळवले. ही लढाई यथेच्छ झाली आणि कुणाच्या देवघराला धक्का लागला नाही. (लिंगपुराणाचा अभ्यासक येथे हरकत घेईल. त्याने ती जरूर घ्यावी. दरवाजावरचा शरभ आमच्या मते सत्तेचे चिन्ह आहे, त्याला कुणी नवस बोलत नाही.)

म्हसोबाचे मात्र तसे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’मध्ये (१९६२) पुणे परिसरातील म्हसोबाचा माग काढत तो महिषासुराशी नेऊन भिडवला आहे. देवळातल्या मूर्तीत जो देवीच्या पायाखाली आहे, तोच बांधावर शेंदूर लावून शेत राखत बसला आहे. मग खेळाच्या राक्षसांच्या यादीत त्याला घालायचे की नाही? पायाखालचा काढायचा की बांधावरचा? हा निव्वळ चित्रकलेचा प्रश्न नव्हे. अमुक एक असुर आहे हे कुणी ठरवले, आणि त्याला देव मानणारे लोक कोण होते, हे त्यात आलेच. खुद्द त्या अमेरिकन खेळालाही या प्रश्नाने गाठले. ऑर्क नावाची जमात जन्मतः दुष्ट दाखवणे बरे नव्हे, हे २०२० मध्ये प्रकाशकांनी जाहीरपणे मान्य केले, आणि २०२४ च्या पुस्तकात ऑर्क खेळाडूंनी घ्यावयाच्या पात्रांत जाऊन बसले.

आमच्या पुण्याच्या एका मित्राला हे सारे अति वाटते. त्याचे म्हणणे असे की लोककथा हाताळल्यानेच जगतात. आजीने हडळीच्या गोष्टी सांगून आपल्याला घाबरवलेच ना, तमाशातल्या गवळणीत कृष्णाची थट्टा होतेच ना? मुद्दा खोटा नाही. पण आजी भिववून सोडून देत नसे. हडळीचे पाय उलटे असतात हे ओळखायला शिकवी; चकव्यात सापडलास तर धावू नकोस, एका जागी बस, उजाडू दे, असे सांगे. मराठी भूत चेहऱ्याने ओळखले जात नाही. ते कुठे राहते, त्याचे काय राहून गेले आहे, आणि ते काय घेऊन वाट सोडते, यावरून ओळखले जाते. तयार सोंगटी त्याला चेहरा देते आणि त्याचे मागणे काढून घेते. उरतो तो पंचेचाळीस हिट पॉइंटांचा देह.

वेल्ह्याच्या मित्राला आम्ही विचारले, आसरांचे चित्र काढावे की काढूच नये? त्याने घरी विचारले. त्याच्या आईचे उत्तर आले: दगड काढा, तोंड काढू नका.

म्हणून आता आमच्या नकाशावर डोहाच्या काठी सात लहान दगड आहेत, ओले, शेंदराचे, शाईने काढलेले. हिट पॉइंटांचा रकाना रिकामा आहे. तोरण्यासाठी तर सोंगटीच केली नाही. गडावर मुक्काम करणारे भटके तिथल्या ब्रह्मपिशाच्चाच्या गोष्टी एकमेकांना सांगत आले आहेत. आमच्या खेळात मेंगाईच्या देवळाभोवतीचा उजेड दर खेपेस एक चौकोन कमी होतो, इतकेच. औरंगजेबाने १७०४ मध्ये तोरणा घेतल्यावर त्याचे नाव फुतुहुल्गैब ठेवले होते. त्यातला ‘गैब’ म्हणजे न दिसणारे.

सात दगडांपाशी खेळ पहिल्यांदा पोचला तेव्हा ज्यांनी पूर्वी फासे उचलले होते त्यांच्यापैकी एकाने विचारले, “इथे काय वाहतात?” वेल्ह्याच्या मित्राने सांगितले. मग त्यांच्या पात्रांनी चोळी कुठून आणायची यावर तासभर खल केला, वरच्या वाडीत गेले, एका म्हातारीशी भांडले, बांगड्या उधार घेतल्या. त्या तासात फासा एकदाही पडला नाही. पुण्याचा मित्र कंटाळून दहा वाजताच उठून गेला. पुढल्या शनिवारी मात्र तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, आणि पहिलाच प्रश्न त्याने असा केला की शरभ आज पुन्हा येणार आहे का.