खंजिरीवरचा कवी आणि आमचे टीकाकार

गाणे रचणारा, त्यास चाल लावणारा आणि चारचौघांत ते गाणारा पुरुष एकच असला, की आमच्या टीकाकारांची मोठी पंचाईत होते. कवी म्हणावे तर तो गातो. गवई म्हणावे तर त्याचे गाणे शास्त्रात बसत नाही. आणि त्यातून तो खंजिरी वाजवीत असला, म्हणजे भजनी ठरवून त्यास देवळाच्या ओसरीवर बसविले की आमची मंडळी मोकळी! तुकडोजी महाराजांच्या गीतांची अशीच वाट लागली आहे. ज्यांची पदे विदर्भातील खेड्यांत आज तीन पिढ्या तोंडपाठ आहेत, त्यांच्याविषयी एका विद्वान स्नेह्यांनी परवा आम्हांस विचारले, "कार्य थोर खरे, पण त्यात काव्य कोठे आहे?" स्नेह्यांनी पदे वाचली होती. ऐकली मात्र नव्हती.

ऐकणे म्हणजे काय, हे आम्हांसही नाकाडोंगरीस जाईपर्यंत ठाऊक नव्हते. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याचे हे गाव. मध्यप्रदेशची सीमा येथून दूर नाही, आणि डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी याच तालुक्यातल्या. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर ऐंशीच्या घरातील एका म्हाताऱ्याबुवांनी खंजिरी उचलली आणि राजमहालाहून झोपडीचे सुख थोर मानणारे ते सुपरिचित पद धरले. हे पद आम्ही शाळेत घोकले होते, आणि खरे सांगावयाचे तर त्यात आम्हांसही काही विशेष वाटले नव्हते. पुस्तकात प्रत्येक कडव्याखाली 'धृ' एवढे अक्षर छापलेले असते. डोळा त्यावरून घसरून पुढे जातो. येथे ते धृपद पन्नास-साठ कंठांतून परत येत होते, आणि दर वेळी निराळे होऊन येत होते. पहिल्या खेपेस मुलांनी ते ओरडून म्हटले. चौथ्या खेपेस बायकांच्या बाजूने ते इतके हळू आले की, बुवांनी खंजिरीवरची थाप मंदावली. ओळ संपल्यावर दोन-चार मात्रा नुसती खंजिरीच वाजते, आणि तेवढ्या अवकाशात ऐकणारा मनुष्य मागल्या ओळीचा अर्थ आपल्या घरास लावून पाहतो. कागदावर या जागी काहीच नसते. टीकाकार ज्यास 'पुनरुक्ती' म्हणतात, ती या रचनेची कडी आहे. ती काढा, आणि दार निखळून पडेल.

दुसरा आक्षेप भाषेचा. महाराजांनी मराठीत रचिले, तसे हिंदीतही पुष्कळ रचिले. म्हणून मराठीचे अभिमानी त्यांस अर्धेच आपले मानतात, आणि हिंदीवाल्यांच्या तर ते खिजगणतीतही नसावेत. या सीमेवरच्या मुलखात घरात पोवारी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारा मनुष्य विरळा नाही. त्यास एकाच बैठकीत दोन्ही भाषांतील पदे ऐकताना विटाळ झाल्यासारखे वाटत नाही. तो आमच्या शहरांतच वाटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मानभावी : हा सारा प्रचार आहे! १९४२ साली चिमूर-आष्टीचा उठाव झाला, तेव्हा महाराजांस अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. ज्याच्या हाती खंजिरीवाचून शस्त्र नव्हते, अशा मनुष्यास सरकारने का धरावे? शब्द चालीवर चढला की तो काय करू शकतो, हे त्या परक्या सरकारास कळले होते. आमच्या काव्यसमीक्षेस ते अद्यापि कळावयाचे आहे. आणि प्रचाराचेच म्हणाल, तर तुकोबांचे अभंग काय निरुद्देश होते? रामजोशी, होनाजी, प्रभाकर यांची कवने डफ-तुणतुण्यावर गाइली गेली. आज ती काव्याच्या इतिहासात सन्मानाने बसली आहेत. मेलेल्या शाहिरास कवी म्हणावयास आम्हांस शंभर वर्षे लागतात, एवढाच याचा अर्थ. देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गीते वस्त्यावस्त्यांतून गाइली जातात. त्यांच्याही वाट्यास ही प्रतीक्षा आलीच. दोन हजारांहून अधिक गीते रचून त्यांस चाली देणाऱ्या रवींद्रनाथांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते आम्हांस भूषण वाटले. २०१६ साली गिटार घेऊन गाणाऱ्या बॉब डिलन यांस मिळाले, तेव्हाही आमच्या सुशिक्षितांनी त्यावर हौसेने चर्चा केली. त्या चर्चेत खंजिरीची आठवण कोणास झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हीच खंजिरी १९५५ साली जपानातील विश्वधर्म परिषदेपर्यंत जाऊन आली होती!

मात्र सारा दोष टीकाकारांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. भक्तमंडळींनीही महाराजांतील कवीचे कमी नुकसान केले नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक पद सारखेच पवित्र. वस्तुतः इतके विपुल रचणाऱ्या कवीची कित्येक पदे सपाट उपदेशाची असावयाचीच, आणि तशी ती आहेत; एकच दृष्टांत चार ठिकाणी भेटतो, यमकासाठी शब्दाची ओढाताणही होते. हे कोणी बोलत नाही, म्हणून जी वीस-पंचवीस पदे कोणत्याही काव्यसंग्रहात शोभावीत तीही गर्दीत हरवतात. पूजा आणि उपेक्षा या दोघींच्या मध्ये निवड करणारा मनुष्यच उरला नाही. नागपूरच्या विद्यापीठास २००५ पासून महाराजांचे नाव आहे. तेथील मराठीच्या पदवीधराने शब्द, चाल व ठेका एकत्र ठेवून त्यांच्या एका पदाची तरी परीक्षा करावी, ही अपेक्षा अवास्तव आहे काय?

आणि हे लवकर व्हावयास हवे. शब्द छापले गेले. चाली मात्र पुष्कळशा कंठांतच राहिल्या. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निवर्तले. त्यांस ऐकलेला विशीतला तरुण आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. नाकाडोंगरीच्या बुवांनी त्या रात्री एकच पद आम्हांस दोन चालींवर म्हणून दाखविले : एक, त्यांनी लहानपणी प्रत्यक्ष महाराजांच्या तोंडून ऐकलेली, दुसरी, ध्वनिवर्धकावरून हल्ली वाजते ती, कोणत्याशा चित्रपटातून उचललेली. भोवतालच्या मुलांस दुसरीच ठाऊक होती, आणि पहिली ऐकून ती हसली. आमच्यापैकी कोणासही स्वरलेखन येत नव्हते. आम्ही मोबाईल पुढे धरला. दोन कडवी उतरली, तोच बुवांस खोकल्याची उबळ आली आणि घरच्यांनी त्यांस उठवून नेले. तिसरे कडवे राहिले आहे.