युवराज आपणच घडवतो

१९९० च्या मे महिन्यात ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलीला कॅमेऱ्यांसमोर आणलं आणि तिच्या तोंडाशी बीफ बर्गर धरला. ‘मॅड काऊ’ रोगाच्या भीतीने लोक बीफ खायला घाबरत होते. मंत्र्यांना सांगायचं होतं, बघा, मी माझ्या पोरीलासुद्धा खायला घालतोय. सहा वर्षांनी, मार्च १९९६ मध्ये, गायींच्या या रोगाचा माणसांच्या एका जीवघेण्या आजाराशी संबंध असण्याची शक्यता ब्रिटिश सरकारला संसदेत मान्य करावी लागली. तो प्रसंग आजही गमर यांच्या नावाला चिकटलेला आहे. पण त्या मुलीला तिथे यायचं होतं का, हे तिला कोण विचारणार?

नेत्यांच्या मुलांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. पहिला: ‘तोंडात सोन्याचा चमचा घेऊन जन्मलेत, थोडं ट्रोलिंग सोसलं तर काय बिघडलं?’ दुसरा: ‘लेकरांना कशाला ओढता राजकारणात?’ हा दुसरा सूर बहुतेक वेळा आपल्या आवडत्या नेत्याचं मूल असेल तेव्हाच लागतो, हा भाग वेगळा. मला तिसरीच गोष्ट म्हणायची आहे. नेत्यांच्या अल्पवयीन मुलांकडे टक लावून बघणं आपण बंद केलं पाहिजे, आणि ते फक्त त्यांच्यावर दया म्हणून नाही. घराणेशाही तिकीटवाटपाच्या दिवशी सुरू होत नाही. मूल शाळेत असतं, तेव्हाच ती आपल्या नजरेत सुरू झालेली असते.

आधी चेष्टेबद्दल. बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले तेव्हा त्यांची मुलगी चेल्सी १२ वर्षांची होती. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकेतल्या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमात तिच्या दिसण्यावर विनोद झाला. नंतर पुनःप्रक्षेपणातून तो भाग वगळावा लागला. २०१४ मध्ये एका रिपब्लिकन खासदाराच्या कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी ओबामांच्या १६ आणि १३ वर्षांच्या मुलींचे कपडे आणि चेहऱ्यावरचे भाव यावरून फेसबुकवर तोंडसुख घेतलं. त्यांना नोकरी सोडावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये, ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दिवशी, त्याच ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या एका लेखिकेने दहा वर्षांच्या बॅरनवर ट्वीट केलं आणि ती निलंबित झाली. तेव्हा बॅरनच्या बाजूने जाहीरपणे कोण बोललं? चेल्सी क्लिंटन. बॅरनच्या वडिलांनी अडीच महिन्यांपूर्वीच तिच्या आईला हरवलं होतं, तरीही. लहानपणी आपल्यावर काय आलं होतं, ते तिला माहीत होतं.

या तिन्ही विनोदांत एकही सरकारी धोरण नव्हतं. करांबद्दल, युद्धाबद्दल, आरोग्य विम्याबद्दल काही नव्हतं. होतं ते एका पोराचं रूप, कपडे, वागणं. नेत्यावर टीका करायला अभ्यास लागतो, त्याच्या मुलावर करायला फक्त फोन लागतो. आणि मूल उलट उत्तर देत नाही.

‘पण त्यांना सोयी मिळतात ना?’ मिळतात. महागडी शाळा, गाड्या, ओळखी, सगळं मिळतं. त्याचा हिशोब जरूर मागा, पण तो आई-बापाकडे मागा. मुलाने गुन्हा केला आणि त्याला सोडवायला बापाचं पद वापरलं गेलं, तर ती पहिल्या पानावरचीच बातमी आहे, हे मला मान्य आहे. पण ती बातमी पदाच्या गैरवापराची आहे. ब्रिटनमध्ये संपादकांच्या आचारसंहितेत हे कलमच आहे: पालकांची प्रसिद्धी किंवा पद एवढ्याच कारणावरून मुलाच्या खाजगी आयुष्याचा तपशील छापता येत नाही. ते कलम असतानाही २००६ मध्ये ‘द सन’ने गॉर्डन ब्राऊन यांच्या काही महिन्यांच्या बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा आजार असल्याची बातमी छापलीच. ब्राऊन तेव्हा अर्थमंत्री होते. नंतर पंतप्रधान झाल्यावरही त्यांनी मुलांना कॅमेऱ्यापासून दूर ठेवलं. मे २०१० मध्ये पद सोडून डाउनिंग स्ट्रीटमधून बाहेर पडताना दोन्ही मुलांचे हात धरून ते चालत गेले, तेव्हा अनेकांनी त्या मुलांना पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणजे सत्तेत असूनही मुलं बाजूला ठेवता येतात. फक्त ठेवायची इच्छा हवी.

आता आपल्याकडे या. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली, तेव्हा राहुल १४ वर्षांचे होते आणि प्रियांका १२ वर्षांच्या. सुरक्षेसाठी दोघांची शाळा सुटली, शिक्षण घरात झालं. १९९१ मध्ये वडीलही गेले. एवढं सोसलेल्या या मुलीबद्दल पुढे वर्षानुवर्षं आपण काय बोललो? नाक आजीसारखं, केस आजीसारखे, चाल आजीसारखी. राजकारणात कधी येणार? त्यांनी पक्षात पद घेतलं २०१९ मध्ये, खासदार झाल्या २०२४ मध्ये. पण जागा त्याच्या कितीतरी आधीपासून राखीव होती, आणि ती राखून ठेवण्यात भक्तांचा, टीकाकारांचा आणि टीव्हीवाल्यांचा सारखाच वाटा होता. कुणालाही टोमणा मारून ‘युवराज’ म्हणणारेसुद्धा नकळत मान्यच करतात, की इथे एक गादी आहे.

महाराष्ट्रातही वेगळं नाही, आणि कुठलाही एक पक्ष याला अपवाद नाही. २०१० च्या दसरा मेळाव्यात शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकरेंनी २० वर्षांच्या आदित्य यांच्या हाती तलवार दिली. आदित्य यांनी पहिली निवडणूक लढवली २०१९ मध्ये. मतदारांना विचारलं गेलं, त्याच्या नऊ वर्षं आधीच वारस ठरला होता.

आणि आपल्या चौकातला फ्लेक्स बघा. वाढदिवस साहेबांचा, आणि साहेबांच्या शेजारी गॉगल लावून शाळकरी चिरंजीव. खाली पासपोर्टएवढ्या फोटोंत पन्नास कार्यकर्ते, ज्यांनी वीस-वीस वर्षं सतरंज्या उचलल्या. चिरंजीव दहावी पास झाले तरी चौकात अभिनंदन. या फ्लेक्सने दोघांचंही नुकसान केलेलं असतं. कार्यकर्त्याला कळतं, की आपली जागा कायम खालच्याच ओळीत आहे. आणि त्या पोराला कळतं, की चित्रकार, शिक्षक, नुसताच सुखी माणूस, असं काही होणं आता आपल्या हातात राहिलेलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावलं, की प्रचारात लहान मुलांचा वापर अजिबात खपवून घेतला जाणार नाही. पत्रकं वाटणं, घोषणा देणं, प्रचारफेरीत फिरवणं, सगळं बंद. पण त्यात एक सूट आहे. पालकांसोबत आलेलं मूल नेत्याच्या जवळपास नुसतं हजर असेल आणि प्रचार करत नसेल, तर ते उल्लंघन नाही. सामान्य घरातल्या मुलासाठी ही सूट योग्यच आहे. पण मंचावर नेत्याला चिकटून उभं असलेलं त्याचं स्वतःचं मूल ‘नुसतं हजर’ असतं का? त्याची हजेरी हाच प्रचार असतो. अशा वेळी पालकांची संमती होती, असं म्हणण्यालाही अर्थ नाही, कारण संमती देणारा आणि फायदा घेणारा एकच असतो. आयोगाने ही सूट उमेदवारांच्या स्वतःच्या मुलांसाठी बंद केली पाहिजे.

उरलेलं काम आपल्या अंगठ्याचं आहे. मंत्र्याच्या मुलीच्या बर्थडेचं रील आलं, आमदाराच्या पोराच्या इंग्रजीचं मीम आलं, की पुढे सरका. लाइक नको, शेअर नको, शिवीही नको. तुम्ही शिवी घातली तरी अल्गोरिदमला ते प्रेमच वाटतं, आणि तो चेहरा आणखी दहा हजार फोनवर पोचतो. दहा वर्षांनी तोच ओळखीचा चेहरा उमेदवारी मागायला येतो आणि पक्ष सांगतो, ‘लोकांना माहीत आहेत ना!’

तो दिवस आला, की मात्र सोडू नका. शपथपत्र वाचा, संपत्ती कुठून आली ते विचारा, मतदारसंघात काय काम केलं ते विचारा, सतरंज्या उचलणाऱ्याला डावलून तुम्हालाच तिकीट का, हे तोंडावर विचारा. तेव्हा ते मूल नसेल, उमेदवार असेल. तोवर त्याला शाळेत जाऊ द्या.