पक्षिराजनचा चुकलेला नेम

खलनायक पराभूत झाला की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या, हा आपल्या चित्रपटगृहांचा जुना शिरस्ता आहे. दिग्दर्शक शंकर यांच्या ‘रोबोट’ मालिकेतील दुसरा चित्रपट ‘२.०’ हा २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. तो पाहताना शेवटी माझे हात मात्र मांडीवरून उठले नाहीत. शेजारी बसलेले माझे दोन विद्यार्थी शिट्ट्या मारीत होते आणि मला पराभूताबद्दल वाईट वाटत होते.

मी या मालिकेचा जुना चाहता आहे. २०१० मधील पहिल्या चित्रपटातील चिट्टी हा यंत्रमानव मला आवडला होता, कारण माणसाने शिकविलेले प्रेम आणि माणसाने शिकविलेला मत्सर या दोहोंचे ओझे त्याच्या अंगावर होते. दुसऱ्या भागात शंकर यांनी एक नवे पात्र आणले : पक्षिराजन. हा वृद्ध पक्षिशास्त्रज्ञ अक्षय कुमार यांनी रंगविला आहे. मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे पक्षी मरत आहेत, असे तो सर्वांना सांगत फिरतो. कोणी ऐकत नाही. अखेर तो एका मनोऱ्यावरच गळफास घेतो. पुढे त्याचा सूड सुरू होतो, माणसांच्या हातांतील मोबाइल उडून जातात आणि त्यांचाच एक प्रचंड पक्षी आकाशात उभा राहतो. हे दृश्य आपल्याकडील विज्ञानपटांच्या मानाने खरोखरच अपूर्व आहे.

या पात्रावर डॉ. सालिम अली यांची छाया आहे, असे त्या वेळी बहुतेक सर्व वृत्तपत्रांनी लिहिले होते. पांढरी दाढी, बारीक चण, पक्ष्यांसाठी वाहिलेला जन्म, एवढे साम्य डोळ्यांत भरणारे आहेच. परंतु सालिम अली (१८९६–१९८७) हे कोणत्या प्रकारचे पक्षिप्रेमी होते? लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्यांना कुतूहल वाटले आणि त्या कुतूहलाने त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दाराशी नेले. पुढे अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. अभ्यासाकरिता त्यांनी पक्षी मारलेही. तो माणूस मोजणारा, नोंदणारा, आपल्याच समजुतीवर संशय घेणारा होता. पक्षिराजन हा शोक करणारा आहे, मोजणारा नाही. माझी कुरकुर येथून सुरू होते.

ही कुरकुर बोईसर-तारापूरच्या माणसाच्या तोंडी अधिक शोभते, असे मला वाटते. अमेरिकन कंपनीने बांधलेल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून १९६९ साली वीज मिळू लागली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच आले. इतक्या वर्षांच्या शेजारामुळे ‘रेडिएशन’ हा शब्द आमच्याकडे घराघरांत आहे. कोणाचा आंबा मोहरला नाही, कोणाची म्हैस गाभडली, तरी तो उच्चारला जातो. चित्रपट पाहून परतताना त्या दोघांपैकी एकाने मला विचारले, “सर, म्हणजे आपल्याकडे दुप्पट रेडिएशन. मनोऱ्याचे आणि केंद्राचे.” त्याची बेरीज चुकीची होती, पण दोष त्याचा नव्हता. चित्रपटाने ती त्याला शिकविली होती.

मराठी पाठ्यपुस्तकांत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. प्रारण म्हणजे ऊर्जेचे लहरींच्या वा कणांच्या रूपाने पसरणे. दिव्याचा उजेडही प्रारणच. किरणोत्सार हा अस्थिर अणुकेंद्रकातून होतो आणि त्यातून निघणारे किरण अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावू शकतात, पेशीतील रेणू तोडू शकतात. मोबाइलच्या रेडिओलहरींच्या अंगी तेवढे बळ नसते. म्हणून त्या सर्वस्वी निरुपद्रवी ठरतात, असे मी म्हणणार नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, शहरातील विद्युत उपकरणांचा रेडिओ-गोंगाट रॉबिन पक्ष्यांची चुंबकीय दिशाज्ञानाची शक्ती बिघडवितो. मात्र त्या लहरी मोबाइलच्या लहरींहून पुष्कळच कमी वारंवारितेच्या होत्या, आणि पक्षी वाट चुकले होते, मेले नव्हते. आपल्या शासनाने २०१२ मध्ये मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली, हेही ध्यानात घ्यावे. चिमण्यांचे म्हणाल, तर देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये निघालेल्या अहवालाने सांगितले की, मोठ्या शहरांत त्या घटल्या असल्या, तरी एकूण देशात त्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे.

खरा संहार झाला तो गिधाडांचा. काही जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. त्यामागे ना मनोरा होता, ना अणुभट्टी. गुरांना वेदनाशमनासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये आपल्या देशात गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. शवविच्छेदन करणाऱ्या, मूत्रपिंडाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणाऱ्या लोकांनी हा गुन्हेगार पकडला. ही कथा ‘२.०’ पेक्षा कमी थरारक आहे काय? पण गोळीच्या पाकिटाचा अक्राळविक्राळ पक्षी होत नाही, आणि तीन मितींच्या चष्म्यातून तो अंगावर येत नाही.

आमच्या दारातही असाच एक साधा, कंटाळवाणा गुन्हेगार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण घेऊन देशात पहिले आले. एरवी आम्ही कशात पहिले येत नाही. कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. मासे मिळेनासे झाले म्हणून मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर व सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर दायित्व निश्चित केले. त्या कोळ्यांनी कोणाचे मोबाइल उडविले नाहीत. त्यांनी तक्रार लिहिली, पुरावे जोडले आणि वर्षानुवर्षे तारखा मोजल्या. आम्ही इकडे आकाशातल्या न दिसणाऱ्या लहरींविषयी कुजबुजत राहतो आणि दिसणारे, वास येणारे पाणी पायाखालून जाते.

इतके सारे म्हणूनही पक्षिराजन मला सोडवत नाही. शेवटच्या लढाईत चिट्टीच्या बाजूने चिमुकले यंत्रमानव कबुतरांवर बसून येतात आणि त्या कबुतरांनाच मारण्याची धमकी देतात. पक्षिराजन थबकतो. हातची बाजी तो सोडून देतो, कारण त्याच्यासाठी एकही पक्षी मरता कामा नये. ज्याला चित्रपट राक्षस म्हणतो तो कबुतरासाठी हरतो, आणि ज्यांना नायक म्हणतो ते कबुतराला ओलीस धरून जिंकतात. शंकर यांना हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. चित्रपटाच्या शेवटी शास्त्रज्ञ वसीगरनही त्याची बाजू बरीचशी मान्य करतो. पण मग त्याला वेडा सूडकरी करण्याआधी एक चांगली प्रयोगशाळा का दिली नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

दुप्पट रेडिएशनची बेरीज करणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या रविवारी ओहोटीच्या वेळी नवापूरच्या किनाऱ्यावर नेले आणि हाती वही दिली. बगळे, कुरव, तुतवार, जे दिसेल ते मोजायचे, वेळ लिहायची, पाण्याचा रंग लिहायचा. दोन तास तो गप्प होता. मग म्हणाला, “सर, यात फायटिंग कधी येणार?” मी त्याला पुढचे पान उलटायला सांगितले.